घरातला डबा आणि कंपनीची किल्ली

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



वेळापत्रकात माझ्या सत्रासमोर ‘तंत्रज्ञान आणि नागरिक’ असं लिहिलं आहे. एवढ्या मोठ्या विषयावर तासाभरात बोलणं मला जमणार नाही. म्हणून मी एका लहान वस्तूबद्दल बोलतो. तुमच्या घरात भिंतीवर खिळ्याला टांगलेला किंवा टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला इंटरनेटचा डबा. कुणी त्याला मॉडेम म्हणतं, कुणी राउटर, आणि आपल्या घरांत बहुतेक जण नुसतं ‘वायफाय’ म्हणतात.

एक प्रश्न विचारतो, हात वर करा. या डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर इंटरनेट देणारी कंपनी लांबून बदलू शकते, आणि बदलतेही, हे किती जणांना माहीत आहे?

सात-आठ हात दिसतात. वाईट वाटून घेऊ नका. मी इंजिनिअर आहे, याच प्रकारच्या कामावर माझा पगार चालायचा, तरी त्याचा अर्थ मला नीट कळला तो मिरजेत, माझ्या आपाच्या दुकानात.

आपा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज तिच्याकडे भरले जातात. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. बाकड्यावर मुली बसल्या होत्या. काही म्हैसाळहून, बेडगहून एसटीने आलेल्या. दुपारी डब्यावरचे दिवे एकदम विझले, मग लुकलुकायला लागले. दहा मिनिटांनी दिवे नीट लागले, पण दुकानातलं एकही यंत्र डब्याला जोडलं जाईना. वायफायचं नाव बदलून कारखान्यातून आलेलं मूळ नाव झालं होतं. पासवर्डही मूळचा झाला होता, आणि तो ज्या स्टिकरवर छापलेला असतो तो स्टिकर केव्हाच पुसला गेला होता.

तिने हेल्पलाइनला फोन केला. उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये तुमच्या लाइनवर काहीच प्रॉब्लेम दिसत नाही.’ ते खोटं नव्हतं. लाइन खरंच चालू होती. आपाने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम रेटलं, पण शेवटच्या दिवशी पोर्टल आधीच रडत असतं, त्यात कागद स्कॅन करून चढवायचे. संध्याकाळची एसटी गाठायची म्हणून काही मुली अर्ज अर्धवट सोडून गेल्या. पुढे मुदत वाढली. बहुतेक जणी परत आल्या. एक आली नाही. तिने दुसरीकडे अर्ज भरला की शिष्यवृत्तीच सोडली, आपाला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनवरून तिला डब्याचं सेटिंगचं पान उघडायला लावलं. फर्मवेअरची आवृत्ती बदललेली होती. कुणी तरी नवं सॉफ्टवेअर पाठवलं होतं आणि त्यात तिची सगळी सेटिंग्ज पुसली गेली होती. मी तिला हे समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “दुकान मेरा, बिल मैं भरती, और अंदर आनेवाले पूछतेच नै?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्या वेळी मीही तेच काम करत होतो, फक्त दुसऱ्या कंपनीसाठी.

आता हे काम चालतं कसं, ते सांगतो. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आत कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर. डबा सुरू झाला की तेच चालू होतं. कंपनीकडे एक सर्व्हर असतो. तुमचा डबा ठरावीक वेळाने आपणहून त्या सर्व्हरला हाक मारतो. मी अमुक मॉडेलचा, माझ्यात अमुक आवृत्ती आहे, माझ्यासाठी काही काम आहे का? सर्व्हर म्हणतो, नाही. किंवा म्हणतो, हो, ही नवी फाइल उतरवून घे. डबा फाइल उतरवतो, स्वतःच्या स्मृतीत लिहितो आणि बंद होऊन पुन्हा सुरू होतो. या बोलण्याचा एक ठरलेला नमुना आहे, त्याचं नाव टीआर-०६९. तो २००४ साली आला आणि आज जगभरातल्या कंपन्या तो वापरतात. डबा स्वतःहून हाक मारेपर्यंत थांबायचं नसेल, तर कंपनी बाहेरून त्याच्या दारावर टकटक करून त्याला जागं करू शकते. त्या दाराचा नेहमीचा क्रमांक आहे ७५४७. हा क्रमांक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच वाटेने कंपनी तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलू शकते. डब्याला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत, त्यांची यादी पाहू शकते. म्हणून तुम्ही ‘पासवर्ड विसरलो’ म्हणालात की हेल्पलाइनवरचा माणूस बसल्या जागेवरून नवा पासवर्ड घालून देतो. ही सोय आहे, आणि आपल्या घरात शिरायची ती किल्लीही आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो आपल्या मोहल्ल्यांमध्ये फार आहे. ‘ते डब्यातून आपलं सगळं बघतात.’ असं नाही. तुमच्या व्हॉट्सॲपचे मेसेज किंवा बँकेच्या पानावरचा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. फर्मवेअर बदललं म्हणून ते कुलूप उघडत नाही. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे कंपनीला बऱ्याच अंशी दिसतं, पण ते तारेच्या तिच्या बाजूलाही दिसतं. त्यासाठी तुमच्या डब्यात शिरण्याची गरज नाही. भीती नेमकी कशाची बाळगायची हे कळलं नाही, तर आपण चुकीचं दार बंद करतो आणि खरं दार उघडं ठेवतो.

आपाने नेमकं हेच केलं. बकरी ईदला मी घरी गेलो. सहज म्हणून दुकानातल्या डब्याचं पान उघडलं. दुरुस्तीला आलेल्या मुलाला सांगून तिने लांबून होणारे बदल बंद करून घेतले होते. एक खूण काढली की काम झालं. ती मला अभिमानाने म्हणाली, “अब कोई नै आता.” मी पाहिलं, तर त्या पानात शिरण्याचं नाव होतं ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. म्हणजे ज्या कंपनीवर ती रागावली होती तिचा रस्ता बंद झाला होता, आणि बाकी कुणालाही तो उघडा होता.

यात धोका काय, हे मी तिला तीन गोष्टी सांगून पटवलं. त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट आपल्याच देशातली. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँडचे हजारो मॉडेम अचानक बंद पडले. त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, ‘ॲडमिन’. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर असे डबे हुडकत फिरत होता. सापडला की आत शिरायचा आणि डबा निकामी करायचा. तो लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की असे उघडे डबे गुन्हेगारांच्या हाती पडतात आणि त्यांची फौज होते, त्यापेक्षा ते मेलेले बरे. म्हणजे याची नजर इंटरनेट स्वच्छ करण्यावर होती, आणि बंद कुणाचं पडलं? ज्यांना पासवर्ड बदलायचा असतो हेच कुणी सांगितलं नव्हतं त्यांचं. त्यानंतर बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं.

दुसरी गोष्ट जर्मनीतली. रविवार, २७ नोव्हेंबर २०१६. डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट आणि फोन बंद पडायला लागले. मिराई नावाच्या कुप्रसिद्ध व्हायरसची नवी आवृत्ती कुणी तरी सोडली होती. ती जगभरातल्या डब्यांच्या ७५४७ क्रमांकाच्या दारावर धडका मारत होती. हे दार फक्त कंपनीच्या सर्व्हरसाठी उघडं असायला हवं होतं, पण ते साऱ्या इंटरनेटसाठी उघडं होतं. जर्मनीतले डबे त्या व्हायरसच्या ताब्यात गेले नाहीत, पण धडकांनी गुदमरून बंद पडले. ब्रिटनमध्येही काही कंपन्यांच्या ग्राहकांना याच हल्ल्याचा फटका बसला. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये या प्रकरणी एका ब्रिटिश तरुणाला लंडनजवळच्या विमानतळावर अटक झाली आणि त्याच वर्षी जर्मन न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं.

आता उपाय कसा झाला ते पाहा. कंपनीने थोड्याच काळात नवं फर्मवेअर तयार करून घेतलं आणि ग्राहकांना सांगितलं, डब्याची पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. डबा सुरू झाला की कंपनीच्या सर्व्हरकडून नवं सॉफ्टवेअर घेणार होता. लाखो घरांमध्ये माणूस पाठवून हे काम किती महिन्यांत झालं असतं? ज्या व्यवस्थेच्या दारातून दुखणं आलं, औषधही तिच्यातूनच पोहोचलं. म्हणून मी आपाला म्हणालो, लांबून होणारी दुरुस्ती बंद करू नकोस. तुझा डबा आजारी पडला तर औषध येण्याचा हाच एक रस्ता आहे.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ती कंपन्यांनी ऐकायला हवी. २५ ते २७ ऑक्टोबर २०२३ या तीन दिवसांत तिथल्या एका इंटरनेट कंपनीचे ६ लाखांहून जास्त डबे मेले. बंद पडले नाहीत, मेले. पिन काढून लावून उपयोग नव्हता, डबेच बदलावे लागले. ब्लॅक लोटस लॅब्स या संशोधक गटाने मे २०२४ मध्ये याचा अहवाल दिला. कुणी तरी घातक सॉफ्टवेअर त्या डब्यांमध्ये घुसवलं होतं आणि आतलं फर्मवेअर नासवलं होतं. यातली पुष्कळ घरं खेड्यापाड्यातली होती. तिथे नेट नाही म्हणजे डॉक्टरशी बोलणं नाही, शेतीची माहिती नाही, मदतीला फोन नाही. फर्मवेअर बदलण्याची ताकद चुकीच्या हातात गेली तर काय होतं, ते तीन दिवसांत दिसलं.

या तिन्ही गोष्टींवरून मी एका निष्कर्षाला आलो आहे. किल्ली कंपनीकडे असावी की नसावी, हा वाद फारसा उपयोगाचा नाही. ती असावी लागते. आपल्यातल्या कुणाच्या अम्मी-अब्बांनी दर दोन महिन्यांनी स्वतः फर्मवेअर बदलावं, ही अपेक्षाच चूक आहे. आणि एका घरचा जुना, आजारी डबा गुन्हेगारांच्या फौजेत भरती झाला की त्याचा त्रास शेजाऱ्यांपासून बँकांपर्यंत सगळ्यांना होतो. खरा प्रश्न असा आहे की किल्ली वापरणाऱ्याने कोणते नियम पाळायचे, आणि ते पाळले नाहीत तर उत्तर कोण देणार.

इथे मला माझ्याबद्दल बोलावं लागेल. आमच्या टीममध्ये अपडेट पाठवायची रात्र असायची. रात्री दोनला सुरुवात. पडद्यावर हजारो डब्यांची यादी. एकेक ओळ हिरवी होत जायची. शेवटी थोड्या लाल राहायच्या. आम्ही चहा मागवायचो आणि म्हणायचो, ‘एवढं चालतं, कॉल आला तर बघू.’ त्या लाल ओळी म्हणजे घरं आहेत, हे मला ठाऊक होतं, पण ते मी मनावर घेत नव्हतो. कॉल आला की हेल्पलाइन काय सांगायची? ‘सिस्टीममध्ये प्रॉब्लेम दिसत नाही.’ आपाला मिळालेलं वाक्य आमच्या इथेही तेच होतं. कुणी ठरवून खोटं बोलत नव्हतं. अपडेट पाठवणाऱ्यांनी हेल्पलाइनला कळवलेलंच नसायचं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी मागितल्या. अपडेटच्या आदल्या दिवशी ग्राहकाला एक एसएमएस, आणि हेल्पलाइनच्या पडद्यावर ‘या डब्यावर काल अपडेट झालं’ अशी एक ओळ. दुसरी मान्य झाली. पहिलीबद्दल साहेब म्हणाले, “मेसेज पाठवला तर लोक घाबरून फोन करतील.” मला ते पटलं नाही, पण मी तिथे फार भांडलोही नाही. ते आजही खटकतं.

नीट अपडेट करण्याची पद्धत या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. चांगल्या डब्यात फर्मवेअरच्या दोन जागा असतात. नवं एका जागी लिहायचं, जुनं दुसरीकडे जपायचं. नवं चाललं नाही तर डबा आपोआप जुन्यावर परत येतो. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती तपासल्याशिवाय डबा ती स्वीकारत नाही. अपडेट एकदम सगळ्यांना पाठवायचं नसतं. आधी शंभर घरं, मग हजार, मग बाकीची. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. ती फाइल टप्प्याटप्प्याने गेली असती, तर पहिल्या टप्प्यावरच चूक सापडली असती.

मग नागरिक म्हणून आपण काय मागायचं? माझी यादी पाच ओळींची आहे.

एक, तातडीचं नसेल तर अपडेटची आधी सूचना हवी, आणि तातडीचं असेल तर नंतर लगेच. एक एसएमएस पुरेसा आहे, मराठीत.

दोन, काय बदललं याची साध्या भाषेत नोंद हवी.

तीन, ग्राहकाची सेटिंग्ज पुसली जाता कामा नयेत. अपडेट बिघडलं तर जुन्यावर परत येण्याची सोय हवी.

चार, या डब्याला सुरक्षेची अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख सांगायला हवी. ही मागणी अवास्तव नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून हा कायदा आहे. तिथे असं उपकरण विकताना ही मुदत जाहीर करावी लागते, आणि सगळ्या डब्यांना सारखाच सोपा पासवर्ड घालून विकता येत नाही.

पाच, जाणकार ग्राहकाला स्वतःचा डबा वापरण्याची मुभा हवी. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला हा हक्क आहे. अर्थात, जो स्वतःचा डबा वापरेल त्याने त्याच्या अपडेटची जबाबदारीही घ्यायची.

तक्रार करताना रिकाम्या हाताने करू नका. अपडेटच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या दोन पायऱ्या आहेत. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे नोंदणी क्रमांक मागून घ्यायचा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. आपले लोक पहिल्या पायरीवरच थकतात, कारण क्रमांक घेतलेला नसतो. हेल्पलाइनच्या मुलावर ओरडू नका, त्याच्या हातात काही नसतं. क्रमांक मागा.

आणि आज घरी गेल्यावर करायची कामं. डब्याच्या मागच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आपाकडे तो फोटो असता, तर तिचं दुकान अर्ध्या तासात सुरू झालं असतं. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, दोन्ही बदला. बाहेरून डब्याच्या पानात शिरण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. कंपनीची अपडेट मात्र बंद करू नका. डबा जुना असेल, तर त्याला अजून अपडेट मिळते का हे कंपनीला लेखी विचारा, आणि ‘नाही’ म्हणाले तर बदलून मागा. स्वतःचं झालं की खालाच्या घरी, शेजारच्या चाचांच्या घरी जाऊन एवढंच करून द्या. तुम्हाला दहा मिनिटं लागतील, त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या ईदला आपाशी माझं बरंच वाजलं. ती ऐकेना. मी जर्मनीची गोष्ट सांगितली, बीएसएनएलची सांगितली. शेवटी ती म्हणाली, “ठीक है, खोल दे. पर मेरे को बताके आने बोल.” मी तिचा पासवर्ड बदलला आणि अपडेट पुन्हा चालू केली. तिने स्वतः कंपनीला पत्र लिहिलं, मराठीत, एक पानाचं. अपडेटच्या आधी कळवा, आणि कामाच्या वेळेत करू नका. नोंदणी क्रमांक आला. उत्तर अजून आलेलं नाही. ती दर महिन्याला त्या क्रमांकाची आठवण करून देते.

तुमच्यापैकी वीस-पंचवीस जणांनी असं एकेक पत्र लिहिलं, तर उत्तर लवकर येईल असं मला वाटतं. प्रश्न असतील तर विचारा. डब्याचं मॉडेल माहीत असेल तर फारच छान.